भोंग्यामागचा सुकराम

सुकराम पटले यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचं म्हणजे काय, ते ज्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं सकाळी नऊ वाजता आपोआप नाचतात त्यालाच कळेल. आमची पंचवीस वर्षं नाचली. गोंदियाहून कुडव्यात आलात आणि एखाद्या गल्लीत काळे मोठे बक्से, दोऱ्यांनी बांधलेले भोंगे आणि वायरींची वेटोळी दिसली, की समजा तीच आमची गल्ली. पत्र्याच्या शेडवर पाटी आहे : शामकला साउंड सर्विस.

शामकला म्हणजे सुकरामभाऊजींची बायको. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा त्यांनी दुकान काढलं आणि बायकोचं नाव दिलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना तेव्हा पोटभर टोमणे मारून घेतले. शामकलाला मात्र त्याचं काही अप्रूप नव्हतं. ती म्हणायची, "नाव माझा, आवाज त्यांचा. घरात मी बोलली तर आयकून कोन राहिला?"

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. उंच, वाळका, एका खांद्यावर वायरीचं भेंडोळं आणि दुसऱ्या खांद्यावर दुपट्टा. दारूचं नाव नाही, पत्त्यांचा नाद नाही. नाद एकच, आवाजाचा. रोज सकाळी शेडसमोर मशीन लावायची आणि "हॅलो, हॅलो, चेक, माइक चेक" म्हणून अख्ख्या कुडव्याची हजेरी घ्यायची. माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं की भाऊजी, अंड्याचे पैसे तुम्ही द्या. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, उद्यापासून बेस कमी ठेवतो. कोंबडीला बेस सोसत नाही, ट्रेबल चालतो. हे सांगताना हसण्याचा लवलेश नाही. खरंच त्या दिवसापासून बेस कमी झाला. अंडी काही वाढली नाहीत, पण माझं बोलणं बंद झालं.

आता ह्या माणसाचं देवाशी असलेलं नातं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

तिरोड्यापासून सालेकशापर्यंत असं देऊळ नसेल जिथं सुकराम पटले गेले नाहीत. गणपती, दुर्गा, रामनवमी, हनुमान जयंती, भागवत सप्ताह, सगळीकडे त्यांची मशीन. चौदा एप्रिलला विहारासमोरसुद्धा त्यांचेच भोंगे. वर्षातले दोनशे दिवस आरतीच्या वेळी हा माणूस देवापासून पाच हातांवर उभा. पण कुठे? मशीनच्या मागं. सगळे लोक देवाकडे तोंड करून, आणि भाऊजी मान वाकडी करून भोंग्याकडे कान लावून. एक बोट बटणावर. आरतीचं ताट फिरत त्यांच्यापर्यंत आलं की ते एका हातानं आरती घ्यायचे, दुसरं बोट बटणावरच. मी एकदा म्हटलं होतं की भाऊजी, देवानं तुम्हाला ओळखलंच तर पाठीवरून ओळखेल, तोंड त्यानं कधी पाहिलंच नाही. तेव्हा सगळे हसले, तेही हसले. नंतर मला कळलं की ते वाक्य त्यांनी घरी नेलं होतं.

आणि गंमत बघा, हा माणूस मुळात गाणारा.

आमच्या गल्लीच्या हनुमान मंदिरात पूर्वी खंजिरी भजनाचं मंडळ होतं, चांगलं वीस-बावीस जणांचं. मुन्नालाल गुरुजी पेटीवर. हे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आता ऐंशीला टेकले आहेत. भाऊजींचे वडील त्यांच्या बाजूला बसत. मंडळाचा एकच नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता : खंजिरी हातात आली की नाही म्हणायचं नाही. खंजिरी गुरुजींपासून निघायची आणि हातोहात पुढं जायची. ज्याच्या हातात आली त्यानं एक भजन म्हणायचं आणि पुढं द्यायची. घसा बसलाय, शब्द आठवत नाहीत, आवाज फाटका आहे, काही चालायचं नाही. एक ओळ म्हण, पण म्हण. एक गृहस्थ बोलताना अडखळायचे, लोक त्यांची नक्कल करायचे. पण खंजिरी त्यांच्या हातात आली की ते म्हणायचे आणि गल्ली गुपचूप ऐकायची. देवासमोर कुणाला वगळायचं नाही आणि कुणी स्वतःला वगळून घ्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भाऊजी विशीत असताना त्यांची पाळी आली की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या म्हणे. मी तेव्हा सून होऊन आले नव्हते, पण माझ्या सासूनं हे इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. ते वडिलांचंच एक भजन म्हणायचे. वडिलांनी धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात उभं राहून स्वतः जुळवलेलं : धानाच्या बांधीत देव माझा उभा, चिखलात पाय त्याचे. बांधी म्हणजे भाताचं खाचर. तीन कडवी होती. कुठल्या पुस्तकात नाही, कुठं छापलेलं नाही.

मग मशीन आली. चोविसाव्या वर्षी भाऊजींनी जुनी मशीन विकत आणली आणि पहिल्यांदा लावली ती हनुमानाच्याच देवळात, कार्तिकातल्या काकड्याच्या समाप्तीला. मोठ्या हौसेनं लावली. भजन रंगात आलेलं, आणि मशीन शिट्टी मारायला लागली. नेमकी तेव्हाच खंजिरी त्यांच्या हातात आली. भाऊजींनी ती न म्हणताच पुढच्याच्या हातात दिली. म्हणाले, थांबा जी, मशीन पाहून राहिलो. समोर वडील बसले होते. ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि मरेपर्यंतही नाही. दुसऱ्या वर्षी भाऊजी मशीनमागंच बसले, तर खंजिरी त्यांच्यापर्यंत आलीच नाही. तिसऱ्या वर्षी तसंच. मग तीच रीत झाली. कुणी रागावलं नाही, कुणी काढलं नाही. माणूस असा अलगद बाहेर पडतो, त्याला दार वाजल्याचा आवाजही येत नाही.

पुढचं पाप आम्हा सगळ्यांचं आहे. चौदा वर्षांपूर्वी भाऊजींनी काकड्याची सगळी भजनं भरून घेतली, चाळीस मिनिटांची. वडील तेव्हा दोन वर्षांपूर्वीच गेलेले, त्यामुळे त्यांचं भजन काही त्यात आलं नाही. मग भाऊजींनी मशीनला टायमर लावला. कार्तिक महिन्यात पहाटे पाचला देऊळ स्वतःच काकडा म्हणायला लागलं. आम्ही त्यांचं केवढं कौतुक केलं म्हणून सांगू. थंडीत उठायला नको, आंघोळ नको, गोधडीत पडून काकडा ऐकायचा आणि पुण्य आपोआप जमा. दोन वर्षांत मंडळाचे विसाचे नऊ झाले, मग चार. त्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या भजनाच्या मध्ये मुन्नालाल गुरुजी जोरात खोकतात. गुरुजींचा खरा खोकला दोन आठवड्यांत बरा झाला, पण देवळातून ते चौदा वर्षं कार्तिकात रोज पहाटे त्याच जागी खोकत आले. माझी मुलगी त्या खोकल्यावर अंथरुणातून उठायची, कारण त्यानंतर बरोबर वीस मिनिटांत तिची शाळेची तयारी व्हायची.

आता कानाची गोष्ट.

मागच्या वर्षी शामकला चहासाठी हाक मारायची आणि भाऊजी ढिम्म. मी म्हटलं, त्यात काय वो, सगळ्यांचे नवरे असेच असतात, माझ्या कैलाशला तर पगाराच्या दिवशी मुळीच ऐकू येत नाही. पण एकदा ट्रकनं मागून हॉर्न दिला आणि भाऊजी रस्त्याच्या मधूनच चालत राहिले. ड्रायव्हरनं उतरून शिव्या दिल्या, तेव्हा त्याचे ओठ हलताना पाहून त्यांना कळलं. मग रेणू आली. रेणू त्यांची मुलगी, तिरोड्याला दिलेली. तिनं ऐकून न घेता बापाला गोंदियात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा कान गेला होता. डावा अर्धा राहिला होता, आणि तोही राहील याची हमी नव्हती. तीस वर्षं भोंग्याला कान लावल्याचं फळ. डाव्या कानामागं लावायला एक छोटी मशीन दिली, तिलाही एक बारकं बटण.

त्या दिवशी घरी येऊन भाऊजींनी शेडचं शटर ओढलं आणि अंगणात बाजेवर बसून राहिले. सकाळचं "हॅलो, चेक" बंद झालं. दोन दिवस, तीन दिवस. तुम्हाला खरं सांगते, माझ्या डब्यांची झाकणं स्थिर राहिली आणि मला करमेना. चौथ्या दिवशी मी भिंतीवरून डोकावून थट्टेनं विचारलं की भाऊजी, कोंबड्यांवर उपकार करून राहिले काय. ते हसले नाहीत. माझ्याकडे डावा कान करून बसले आणि म्हणाले,

"वहिनी, तीस वर्षं देवापुढं उभा होतो. आवाज बरोबर आहे का, तेवढाच आयकला. लोक काय म्हनून राहिले ते एक डाव नाही आयकला. आता आयकाचा म्हनतो, तर कान नाही."

शामकला चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. मी भिंतीवरचं डोकं खाली घेतलं.

त्यानंतर भाऊजींनी देवाकडं जायचा प्रयत्न सुरू केला. तो इतका केविलवाणा आणि इतका हसू येणारा होता की शामकला मला सांगताना हसायची आणि पदरानं डोळे पुसायची. देवळात कुणी नसेल अशी वेळ ते शोधायचे, म्हणजे भर दुपारी. पहिल्या दिवशी घंटा वाजवली, ती नीट ऐकू आली नाही म्हणून आणखी जोरात वाजवली, मग आणखी. पुजारी जेवणावरून उठून धावत आला, त्याला वाटलं आग लागली. दुसऱ्या दिवशी घंटेला हात न लावता उभे राहिले. हात जोडले. काय म्हणायचं ते सुचेना. माणूस तीस वर्षांनी एखाद्याच्या दारात गेला की कुठून सुरुवात करणार? शेवटी तोंडातून पहिला शब्द निघाला तो "हॅलो". पुढचं "चेक" त्यांनी दातांखाली धरलं म्हणून वाचलं. मारुतीनं काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

घरी येऊन शामकलाला म्हणाले की मला तिथं उभं राहता येत नाही. हात जोडले की बोट बटण शोधतं. मला मंडळात बसता आलं पाहिजे, चार माणसांमध्ये, खाली, सतरंजीवर. पण कोणत्या तोंडानं बसू? खंजिरी मीच नाकारली, आणि मंडळ मीच मोडलं. गुरुजी नाही म्हणाले तर? मग शामकलाला गळ घातली की तू गुरुजींना विचार. तिनं साफ नकार दिला. "देव तुमचा, तोंड तुमचा. मी कायले विचारू?" दिवसभर ती ह्या वाक्यावर ठाम राहिली आणि रात्रभर कूस बदलत राहिली, हेही तिनंच मला सांगितलं.

कार्तिक लागला. टायमरनं काकडा सुरू केला, रोज पहाटे गुरुजी खोकले. भाऊजी रोज ठरवायचे की आज विचारतो, आणि रोज गुरुजींना रस्त्यात पाहून गल्ली बदलायचे. असं करता करता पौर्णिमा आली.

समाप्तीच्या सकाळी मात्र सगळी गल्ली देवळात येते, कारण नंतर काला असतो आणि दही-पोह्यांचा प्रसाद असतो. मीही काही पोह्यांसाठीच गेले नव्हते, पण पोह्यांसाठीही गेले होते. बायकांनी डोकी धुतलेली, पायांना माहूर लावलेला. माहूर म्हणजे पायांना लावायचा लाल रंग, आमच्याकडे सणाला लावतात. मंडळाचे चार म्हातारे सतरंजीवर. गुरुजींच्या समोर पेटी, मांडीवर खंजिरी. पण वाजत होतं रेकॉर्डिंगच. म्हातारे नुसते ओठ हलवायचे आणि टाळ्या द्यायचे. गेली काही वर्षं असंच चाललं होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. भाऊजी मशीनमागं, नेहमीच्या जागी, कानामागं नवी मशीन लावून. आणि बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून, शामकला. तिच्या पायाशी लांब वायरीचा तो पांढरा स्विचबोर्ड, ज्यातून मशीनला लाइट जातो. प्लग तिकडच्या भिंतीला असल्यामुळे तो बोर्ड कायम बायकांच्या बाजूलाच असतो, आणि कायम शामकलाच्याच राखणीला.

मी तिच्या शेजारी बसले होते. तिसरं भजन लागलं. भाऊजींचे ओठ हलत होते आणि डोळे गुरुजींच्या मांडीवरच्या खंजिरीवर होते. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो तसे. मी पाहिलं, आणि माझ्या बाजूला शामकलानंही पाहिलं. तिनं साडीच्या घेरातून पाय थोडा पुढं काढला. अंगठा स्विचवर ठेवला. दाबला.

रेकॉर्डिंग मध्येच तुटलं. देवळात एकदम अशी शांतता झाली की समईची वात ऐकू यावी. आणि त्या शांततेत मुन्नालाल गुरुजी खोकले. खरे. चौदा वर्षांची सवय, रेकॉर्डिंगमधला खोकला आला नाही म्हणून त्यांनी आपणहून तो वेळेवर पुरवला. आधी पोरं हसली, मग बायका, मग स्वतः गुरुजी. हसता हसता सगळे भाऊजींकडे पाहायला लागले. ते उठले, वायर तपासायला वाकले.

"सुकराम," गुरुजी म्हणाले, "राहू दे ते. हे घे."

आणि त्यांनी खंजिरी पुढं केली. गुरुजींच्या हातातून दुसऱ्या म्हाताऱ्याच्या हातात, तिथून तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. त्यांच्यापैकी कुणीही ती वाजवली नाही, नुसती पुढं दिली. खंजिरी मशीनपाशी येऊन थांबली. भाऊजींनी मशीनकडं पाहिलं, खंजिरीकडं पाहिलं. नियम ठाऊक होताच. मशीनच्या मागून बाहेर आले, सतरंजीवर बसले आणि खंजिरी घेतली.

आता मी खोटं सांगणार नाही. ते काही गोड गायले नाहीत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे इतक्या जोरात गायले की पहिल्या ओळीला माझ्या मांडीवर बसलेलं शेजारणीचं पोर दचकून रडलं. सूर एकीकडे, खंजिरी दुसरीकडे. धानाच्या बांधीत देव माझा उभा. दुसरं कडवं संपलं, आणि तिसऱ्यापाशी अडले. शब्दच नाहीत. खंजिरी वाजत राहिली आणि चेहरा पांढरा पडत गेला, कारण ते भजन त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही असंच सगळे धरून होते. आणि पेटीवरून गुरुजींचा म्हातारा, बारका आवाज आला. तिसरं कडवं, शब्दन् शब्द. भाऊजींनी त्यांच्या ओठांकडं पाहत पाहत ते उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. गुरुजी मग म्हणाले, "तुझा बाप तीस वर्षं माझ्या बाजूला बसला, बापू. मले काऊन नाही येनार?"

भाऊजी रडले. दुपट्ट्यात तोंड घालून, मोठ्यानं, तेही ऐकू येत नसल्यामुळे. काल्याचा प्रसाद त्या दिवशी सगळ्यांना खारट लागला की मलाच, माहीत नाही.

गर्दी पांगताना शामकलानं अंगठ्यानं स्विच पुन्हा चालू केला. मशीनचा लाल दिवा लागला. हे फक्त मी पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता.

आणि इथून माझे हाल सुरू झाले. कारण भाऊजी जो भेटेल त्याला सांगत सुटले : देवळात लाइट होता, वायर चांगली, फ्यूज चांगला, दिवासुद्धा लागलेला, तरी मशीन बंद पडली. देवानं बंद केली. कुडव्यात सांगितलं, गोंदियाच्या बाजारात सांगितलं, शेडचं शटर पुन्हा वर गेलं होतं, लग्नाचं साउंड लावायला बोदलकशाच्या तलावाकडे गेले तर तिथं मासे घेता घेता सांगितलं. टायमर काढून टाकला. दर शनिवारी सकाळी मंडळ बसायला लागलं. चाराचे सात झाले, साताचे अकरा. भाऊजी घरात हसायला लागले, हाक मारली की ऐकू येवो न येवो, आधी वळून पाहायला लागले. आणि ही सगळी इमारत उभी कशावर, तर शामकलाच्या अंगठ्यावर, आणि ते जगात दोघींनाच माहीत. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या कुडव्याला ठाऊक आहे. महिनाभर मला जेवण गेलं नाही. कैलाशनं ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिल्या.

शामकलाची तर झोप उडाली. तिचं म्हणणं, सांगितलं तर हे पुन्हा मशीनमागं जाऊन बसतील, म्हणतील देवानं बोलावलंच नव्हतं, बायकोनं फसवलं. नाही सांगितलं तर खोट्यावर भजन चालू. मी म्हटलं, चालू दे ना, भजन तर खरं आहे. ती म्हणाली, मला देवळात मान वर करता येत नाही. मग एके दिवशी भाऊजी जेवताना बोलले की पेंटरकडं जाऊन येतो, देवळात पाटी लावायची आहे : ह्या ठिकाणी कार्तिक पौर्णिमेला देवानं स्वतः मशीन बंद केली. शामकलाच्या हातातला घास तसाच राहिला.

त्याच दुपारी आम्ही दोघी माझ्या अंगणात लाखोरीची डाळ निवडत होतो. भाऊजी भिंतीपलीकडून आले आणि बाजेवर बसले. शामकला उठली, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि एका दमात सांगून टाकलं. डाळीचं सूप तिच्या हातातच होतं. मी डाळीत नसलेले खडे वेचत राहिले.

भाऊजींनी सुपातला एक दाणा उचलून पाहिला. मग म्हणाले,

"ते मले त्याच दिवशी मालूम होता."

बोर्ड गुंडाळताना त्यांनी पाहिलं होतं. पांढऱ्या स्विचवर माहुराचा लाल ठसा, अंगठ्याएवढा. तो बोर्ड त्यांनी पुन्हा वापरलाच नाही, फडक्यात गुंडाळून शेडमधल्या पेटीत ठेवला. तीस वर्षं वायरी हाताळलेला माणूस, त्याला स्विच कुणी दाबला ते कळायला काय वेळ लागतो?

शामकला तोंडाकडं पाहतच राहिली. "मंग सगळ्याईले काऊन सांगत होते जी?"

"देवानं बंद केली म्हनलो. कोनाच्या पायानं, ते कोनी विचारलाच नाही." मग सूप तिच्या हातातून काढून घेत म्हणाले, "पाय तुझा होता, शामकला. पन खंजिरी मले द्या, हे तू सांगतली होती काय गुरुजीले? तिसरा कडवा त्यांच्या तोंडात तू टाकली होती काय? मी दार ढकलाले भेत होतो, अन् आत समदे जागा करून बसले होते. मले तेवढा पुरे आहे."

पेंटरकडं ते गेलेच नव्हते. पाटीचं नुसतं बोलले होते, बायको किती दिवस तोंड दाबून बसते ते पाहायला. मी पंचवीस वर्षं ह्या माणसाला भोळा समजत आले, आणि माझ्याहून मोठा खोडकर माणूस भिंतीपलीकडं राहतो आहे याचा मला पत्ता नाही. शामकलानं डाळीची मूठ त्यांच्या अंगावर फेकली. मग ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि मी महिन्याभरानं त्या रात्री चार भाकरी खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी मंडळ बसलं. खंजिरी फिरत भाऊजींपर्यंत आली. त्यांनी म्हटली आपली ओळ, आणि ती पुढच्याला देण्याऐवजी उठले, सतरंजी ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि खंजिरी शामकलाच्या मांडीवर ठेवली. आजवर खंजिरी आमच्या बाजूला आली नव्हती. नियमात तशी मनाई नव्हती, कुणाला सुचलंच नव्हतं. शामकलानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "हातात आली बाई. आता नाही म्हनता येत नाही."

तिनं सासऱ्यांचंच भजन धरलं. आवाज इतका हळू की मला शेजारी बसून कान द्यावा लागला. भाऊजी तिच्या समोरच खाली बसले, डावा कान तिच्याकडं केला, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांचं बोट बटणावर गेलं, कानामागच्या त्या बारक्या बटणावर. थोडं फिरवलं. डोळे मिटले. बोट मग खाली आलं आणि दोन्ही हात मांडीवर राहिले.

घरी जाताना गल्लीत भाऊजी तिला विचारत होते की दुसऱ्या ओळीत तू काय म्हणालीस, पाय त्याचे की पाय माझे? मी मागंच होते, मला सगळं ऐकू येतं.

शामकला म्हणाली, "अजी, पायाचा नाव काढू नोका आता."